काळी तीनच्या जरा खाली

आमचे घरमालक खाली दूध आणायला निघाले, तरी कमरेला पिशवी बांधून निघत. खाकी कापडाची, जुन्या कंडक्टरांची असायची तशी. फरक एवढाच, की तिला आतून त्यांनी स्वतः शिवून नऊ कप्पे पाडले होते आणि त्यांतल्या सहांमध्ये सहा माऊथ ऑर्गन होते.

"काका, डेअरीवर कोण गाणार आहे?" मी एकदा जिन्यात विचारलं.

"म्हाईत नाय ना, म्हनूनच सगले न्याचे," ते म्हणाले. "म्हाईत असता तर एकच नेला असता."

सानपाडा गावात त्यांची तीन मजल्यांची इमारत आहे. गाव म्हणजे आजूबाजूला सेक्टर उभे राहिले तरी मधोमध तसंच राहिलेलं जुनं गावठाण. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आपल्याला कळतं. काकांच्या वडिलांनी मिठागरावर काम केलं, काकांनी तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची खोली बघायला गेले होते. खांद्याला गिटार होती. मी तयारीत होते: मांसाहार, पाहुणे, घरी यायची वेळ, सगळ्याची उत्तरं पाठ केली होती. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही.

"कंच्या पट्टीत गातेस?"

"म्हणजे?"

"म्हंजे पट्टी. काली एक, पांढरी चार, काय ती?"

"मला नाही माहीत."

काकांनी आत वळून काकूंना हाक मारली. "आयकलास का? पट्टी म्हाईत नाय नि गिटार घेऊन फिरते!" मग किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना माझी काळजी वाटली असावी. अशा मुलीला एकटीला कुठे सोडणार?

खरं सांगायचं तर काका फार छान वाजवत नसत. त्यांनी वाद्य हातात घेतलं तेच वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. कारखान्यातल्या रंगाच्या भुकटीनं छाती धरली, दोन जिने चढले तरी धाप लागायची. डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामासाठी ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, ज्यात तीन गोळ्या असतात आणि श्वास ओढला की त्या वर चढतात. काकांनी आठवडाभर गोळ्या चढवल्या. मग कंटाळले. "वर जातात, खाली येतात. पुरं काय?" असं म्हणून ते वाशीला गेले आणि दुकानातून माऊथ ऑर्गन घेऊन आले.

"यात आत घेतला तरी वाजतो, भायेर टाकला तरी वाजतो," ते मला कौतुकानं सांगत. "दुसरा वाद्य दाखव असा."

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, फरक दिसतोय, चालू ठेवा. पदवी मिळाल्यासारखे काका तेव्हापासून ते 'चालू ठेवा' सगळ्यांना सांगत असत.

पण व्यायामाला एक ऑर्गन पुरतो. उरलेली पिशवी कशी भरत गेली, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिच्यात अशी एकही वस्तू नव्हती जी काकांची कुठेतरी फजिती झाल्यावाचून आत आली असेल. पहिला ऑर्गन होता पांढरी एकचा. तो घेऊन ते शेजारच्या सत्यनारायणाला भजनात बसले, आणि बुवांनी लावली काळी चार. ऑर्गनला हार्मोनियमसारख्या सगळ्या पट्ट्या नसतात, ज्या पट्टीचा घ्याल त्याच पट्टीत तो सुखानं वाजतो. काका तासभर टाळ वाजवत बसले आणि दुसऱ्या दिवशी काळी चारचा घेऊन आले. अशा एकेक फजितीतून सहा झाले. कुठला कोणता ते अंधुक उजेडातही कळावं, म्हणून प्रत्येकावर काकूंच्या नेलपॉलिशनं आकडा काढलेला.

पाण्याची छोटी बाटली जुईनगरच्या बसथांब्यावर आली. तिथे एक ढोलकीवाला बसची वाट बघता बघता बोटांनी ठेका धरून बसला होता. काकांनी नुकताच वडापाव खाल्ला होता. ऑर्गन तोंडाला लावला आणि शेंगदाण्याच्या चटणीचा कण चौथ्या भोकात जाऊन बसला. चौथं भोक गेलं की सा गेला. ढोलकीवाल्याची बस आली, तो गेला, काका भोकात फुंकरा मारत राहिले. तेव्हापासून चूळ भरल्याबिगर वाद्य तोंडाला लावायचं नाही. त्याच कप्प्यात एक जुना टूथब्रश, चष्म्याचा असतो तेवढा स्क्रूड्रायव्हर, आणि दोन रुमाल, एक स्वतःच्या तोंडाला, एक वाद्याच्या. ते दोन रुमाल कधी एकमेकांत मिसळले तर काका दोन्ही धुवायला टाकत. डिसेंबरच्या सकाळी ऑर्गन वाजवण्याआधी ते काखेत धरून शेकत. गार वाद्यात फुंकलं की आत पाणी धरतं आणि सूर बसतो. रस्त्यातल्या माणसांना वाटायचं, काकांना ताप आहे आणि ते थर्मामीटर लावून उभे आहेत.

सगळ्यात पुढच्या कप्प्यात मात्र दम्याचा पंप. "हा वाजत नाय," ते म्हणत, "पन हा नसला तर बाकीचे बी वाजनार नाय."

मी त्यांना एकदा म्हटलं, की बॅटरीवरचा छोटा माईक मिळतो, कॉलरला लावायचा. ते जरा दुखावलेच. "माझा आवाज समोरच्याच्या वर गेला, तर मना त्याचा आयकू कसा येनार?"

आता मला ती वाशीच्या बागेतली सकाळ सांगायला हवी. सांगायला मला आवडत नाही.

ऑफिसातले आम्ही सहाजण रविवारी सकाळी तिथे जमायचो. युकुलेले, गिटार, एक खोका तबल्यासारखा बडवायला. आमच्यातला एकजण, जो आपोआप पुढारी झाला होता, सगळ्याचे व्हिडिओ काढून नेटवर टाकायचा. त्या दिवशी गाणं रंगात आलेलं, मोबाईल स्टँडवर लावलेला, आणि झाडांमधून काका येताना दिसले. पिशवी कमरेला. मला बघून त्यांचा चेहरा असा खुलला, जशी परगावी आपल्या माणसाची गाठ पडावी. त्यांनी दोन क्षण माझ्या डाव्या हाताची बोटं पाहिली. खोलीत मी सराव करायचे तेव्हा विचारून विचारून त्यांनी ती बोटं ओळखायला शिकून घेतली होती. ही बोटं म्हणजे पांढरी पाच. त्यांनी चूळ भरली, पांढरी पाचचा ऑर्गन काढला आणि गाण्याच्या मधोमध शिरले.

मी त्या दिवशी गिटारच्या मानेला कॅपो लावला होता. कॅपो म्हणजे चिमटा, तो लावला की बोटं तीच राहतात आणि पट्टी वर चढते. आमचं गाणं पांढरी सहात चाललेलं, काका पांढरी पाचात. भांडं पडल्यासारखं झालं सगळं. कोणीतरी हसलं. पुढाऱ्यानं हात वर केला, "अंकल, प्लीज. रेकॉर्डिंग चालू आहे." मग माझ्याकडे वळून, "तुझ्याकडे बघत होते ते. ओळखतेस का?"

"नाही," मी म्हणाले.

काका चार पावलांवर होते. त्यांनी ऑर्गन रुमालानं पुसला, कप्प्यात ठेवला. "सॉरी हां, चालू द्या तुमचा," असं म्हणून ते फाटकाकडे गेले. जरा भरभरच गेले. त्यांना भरभर चालायची मनाई होती.

पुढचे दोन दिवस मी जिन्यात चाहूल घेऊन मगच खाली उतरत होते. तिसऱ्या दिवशी दारावर थाप. काका. हातात काकूंनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची वाटी. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "गिटारच्या मानेला तो चिमटा कशाला लावलावता?"

मी कॅपो काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मला वेगवेगळ्या ठिकाणी लावून वाजवायला लावलं, दर वेळी डोळे मिटून पट्टी ओळखली. मग उठले. "म्हंजे बोटं पाहून पट्टी धराची नाय. आयकून धराची." बस. त्या 'नाही'बद्दल चकार शब्द नाही.

त्या सकाळच्या फजितीतून त्यांनी एक नियम मात्र काढला आणि परक्यांमध्ये तो पुढे कधी मोडला नाही. कुठेही गेले तरी पहिली तीन गाणी नुसती ऐकायची. "पयल्याला पट्टी कलते," ते म्हणत, "दुसऱ्याला मानूस कलतो, नि तिसऱ्याला कलतो, आपली गरज हाय का नाय." मी नंतर त्यांच्याबरोबर पुष्कळदा गेले. खाडीच्या कडेला, कुणाच्या गच्चीत, एकदा तर वाशीच्या घाऊक बाजारात, जिथे दुपारी माल उतरवून मोकळे झालेले हमाल कांद्याच्या गोणींवर बसून गात होते. बहुतेक वेळा तिसरं गाणं संपलं की काका पिशवीची चेन ओढत. "आज नवती गरज," म्हणत आणि खुशीत घरी येत. सहा ऑर्गन, बाटली, ब्रश, स्क्रूड्रायव्हर, सगळं नेलं तसं परत. मला ते बघून चिडचिड व्हायची. एवढं ओझं वागवायचं, आणि वाजवायचंच नाही?

काकूंविषयी सांगायचं राहिलं. त्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. मांडव घातल्यापासून प्रत्येक विधीचं गाणं, धवला, म्हणणारी धवलारीण आधी लागते. धवला दोघींचा असतो. एक ओळ पुढे टाकते, दुसरी ती झेलते, तोवर पहिली श्वास घेते आणि पुढची ओळ आठवते. काकू आणि त्यांची मोठी जाऊ, दोघींनी मिळून पंचक्रोशीतली लग्नं लावली. जाऊ वारली आणि काकूंनी गाणं थांबवलं. बोलावणी यायची. काकू दारातूनच हात हलवायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "एकटीनं धवला बोलाचा? एका हातानं भाकर थापून बघ."

त्या वर्षी कामोठ्यात काकांच्या पुतणीच्या मुलीचं लग्न होतं. मलाही नेलं. सकाळी मांडवात बायका जमलेल्या, हळदीची ताटं मांडलेली, एका बाजूला डीजेचे खोके छातीएवढे रचलेले. ठरवलेली धवलारणींची जोडी आलीच नाही. एकाच मुहूर्तावर तिनं दोन घरं घेतली होती आणि ती दुसऱ्या घरी अडकली. विधी खोळंबला. नवरीची आई घाम पुसत इकडेतिकडे करत होती. कोणीतरी तोडगा काढला, मोबाईलवर धवले मिळतात. मोबाईल डीजेच्या खोक्याला जोडला, आणि खाली धडधड ठेका लावलेला कुणाचातरी धवला मांडवभर आदळायला लागला.

काकू उठल्या. "बंद कर तो."

कोणीतरी मोबाईलची वायर उपटली. काकू पाटासमोर जाऊन बसल्या, पदर डोक्यावर घेतला. मग त्यांनी पहिली ओळ टाकली. आवाज मुरलेला, थोडा चिरलेला, पण सरळ. ओळ संपली. काकू थांबल्या. सवयीनंच थांबल्या असणार. ओळ झेलायला कोणी नव्हतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. शब्द कुणालाच नीट येत नव्हते आणि पुढे व्हायची हिंमतही नव्हती.

तेवढ्यात मागून, पुरुषांच्या बाजूनं, तीच ओळ आली. शब्दांवाचून. बारीक, अगदी काकूंच्या आवाजाला चिकटून.

काका खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले होते. पिशवीची चेन बंदच होती. हातातला ऑर्गन त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून काढला होता. मी तो कधी पाहिला नव्हता. त्याच्यावर आकडा नव्हता.

"बापया कंचा मधी बोलतो?" एक म्हातारी करवादली. धवला बायकांचा, त्यात पुरुषानं तोंड घालायचं नसतं.

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. काय चाललं असेल त्यांच्या मनात, मला सांगता येणार नाही. त्यांची मान जरा ताठ झाली एवढं दिसलं. मग त्यांनी दुसरी ओळ टाकली. काकांनी झेलली. तिसरी टाकली. ती झेलताना काकांचा दम तुटायला लागला, खांदे वरखाली व्हायला लागले, मी पाण्याची बाटली घेऊन उठले. आणि तिसऱ्या ओळीच्या अर्ध्यात नवरीची मावशी गायला लागली. मग तिच्या शेजारची. मग ती करवादणारी म्हातारीसुद्धा, जिला सगळे शब्द येत होते. चौथी ओळ दहा-बारा बायकांनी झेलली.

काकांनी ऑर्गन खाली घेतला. पंप काढून दोनदा तोंडात मारला, आणि विधी संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून ऐकत बसले.

परत येताना बसमध्ये काकू पुढे बायकांच्या सीटवर, मी आणि काका मागे. मी तो ऑर्गन मागितला. फुंकून पाहिला तर माझ्या कानांना तो बेसूर वाटला.

"कोणत्या पट्टीचा आहे?"

"काली तीनच्या जरा खाली. पांढरी चारच्या वर." त्यांनी पुढे काकूंच्या अंबाड्याकडे बोट केलं. "तिची पट्टी. बाजारात मिलत नाय."

मग मला उमगलं, रविवारी दुपारी गच्चीवरून खरवडल्यासारखा एक आवाज यायचा तो कसला. ऑर्गनच्या आत वीस पितळी पत्त्या असतात. पत्ती बुडाशी कानशीनं घासली की सूर केसभर उतरतो. जास्त घासली की पत्ती मेली. काकांनी काळी तीनचे दोन ऑर्गन असे मारले, तिसरा जमला. काकू तांदूळ पाखडताना नकळत गुणगुणायच्या, तेव्हा दाराआड बसून त्यांनी पट्टी काढली होती.

"आणि ते बागेत, बाजारात, सगळीकडे जाणं?"

"परक्याच्या मागं मागं जाऊन शिकलो. चुकला तर परका काय, हसतो नि इसरतो." ते खिडकीबाहेर बघत होते. "घरच्या मानसाच्या मागं जायाला लय भ्या वाटतो."

मला तेव्हाच बोलायचं होतं, नाहीतर कधीच जमलं नसतं. "काका, त्या दिवशी बागेत मी ओळख नाही दाखवली."

"हां."

"तुम्ही ऐकलं होतं."

"मंग? चार पावलांवर व्हतो." ते हसले, हसता हसता खोकले. "बाय, त्या दिवशी जो काय सूर लागलावता ना, मी सोता पन मना वलखला नसता."

त्यानंतर काकूंना बोलावणी आली तेव्हा त्या गेल्या. कामोठ्याची ती मावशी त्यांच्याबरोबर जायला लागली. एका वहीत ओळी उतरवून घेऊन तिनं पाठ केल्या. काकांची गरज पुन्हा कधी लागली नाही, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. तो बिनआकड्याचा ऑर्गन त्यांनी काकूंच्या कपाटात ठेवून दिला.

मी पुण्याला बदली घेतली. फोन व्हायचे, मग कमी झाले. काकूंनी एकदा सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन घरी आणलंय. पुढच्या शनिवारी मी सकाळीच सानपाड्याला पोहोचले.

काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकाला नळी, खाटेखाली मशीन गुणगुणत होतं. केवढे बारीक झाले होते! मला बघून त्यांनी आधी बोट वर केलं, ऐक म्हणून. मी ऐकलं.

"कंची पट्टी?"

"पांढरी पाच?"

"जरा चढी," ते म्हणाले आणि समाधानानं मान हलवली.

त्यांच्या मांडीवर पांढरी पाचचा ऑर्गन होता. मी काकूंकडे पाहिलं. काकू भाजी निवडत होत्या. "डाक्टर बोलला, दिवसाला दहा फुंका, जास्त नाय," त्या म्हणाल्या. "मी मोजतंय. पन हा रोज सकाली नऊच फुंकतो. दहावा ठेवून देतो."

"का?"

काकूंनी पाल्याची काडी काकांच्या दिशेनं उडवली. "इचार त्यालाच."

काकांना बोलायला वेळ लागला. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. "कोन आला... तर? लागंल ना."

संध्याकाळपर्यंत कोणीच आलं नाही, तर दिवा लावायच्या वेळी तो एकट्यानं वाजवून टाकतात, काकू म्हणाल्या. बहुतेक दिवस तसंच होतं.

मी गिटार आणली नव्हती. तसं सांगितलं. काकांनी मान हलवून खाटेखालच्या मशीनकडे बोट दाखवलं. त्याच पट्टीत घे.

मी खाटेच्या कडेला बसले. मशीनचा सूर धरायला मला दोन-तीनदा खाकरावं लागलं. मग जे आठवलं ते गायला लागले. काकूंचे हात भाजीवर थांबले होते. काका ऑर्गन ओठांपाशी धरून, डोळे मिटून बसले होते. पहिलं कडवं त्यांनी जाऊ दिलं, दुसरंही जाऊ दिलं. मला वाटलं, झोप लागली की काय. शेवटच्या ओळीला मी आले, आवाज थोडा खाली घेतला, आणि त्यांनी दहावा श्वास आत ओढला.